न्हावा शेवाहून माल पाठवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी उरणला राहतो आणि बरीच वर्षं सीएचएच्या, म्हणजे कस्टम्स एजंटच्या, ऑफिसात कंटेनरचे कागद करतो. नाशिकचा द्राक्षवाला, तासगावचा बेदाणेवाला, इचलकरंजीचा कापडवाला, सगळ्यांचे पहिले प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात. फोनवर रोज देतो ती उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. बहुतेकांना भीती समुद्राची वाटते. माझा अनुभव असा की डबा, म्हणजे कंटेनर, समुद्रात क्वचितच अडतो, अडतो तो गेटवर.

न्हावा शेवा, जेएनपीटी आणि जेएनपीए ही तीन वेगळी बंदरं आहेत का?

एकच बंदर. न्हावा आणि शेवा ही रायगड जिल्ह्यातली गावं. २६ मे १९८९ ला बंदर सुरू झालं तेव्हा त्याचं नाव जवाहरलाल नेहरू पोर्ट ट्रस्ट होतं, म्हणून जेएनपीटी. २०२१ च्या प्रमुख बंदर प्राधिकरण कायद्याने ट्रस्टचं प्राधिकरण झालं, म्हणून जेएनपीए. ट्रेलरवाले अजून 'जेएनपीटी'च म्हणतात, परदेशी गिऱ्हाईक 'न्हावा शेवा' लिहितं आणि कस्टम्सच्या संगणकात ते 'आयएनएनएसए१' असतं. कागदावर 'मुंबई पोर्ट' मात्र लिहू नका. ते खाडीपलीकडचं वेगळं बंदर आहे.

नावापेक्षा टर्मिनल महत्त्वाचं. जेएनपीए स्वतः कंटेनर हाताळत नाही. जागा त्यांची, टर्मिनलं चालवायला दिलेली. एनएसएफटी, एनएसआयसीटी, एनएसआयजीटी, जीटीआय आणि बीएमसीटी अशी पाच कंटेनर टर्मिनलं आहेत, प्रत्येकाचं गेट वेगळं, नियम थोडे वेगळे. 'न्हावा शेवाला गाडी पाठवली' एवढ्यावर भागत नाही. बुकिंगवर टर्मिनलचं नाव बघा आणि गाडी निघायच्या दिवशी पुन्हा विचारा, कारण कधीकधी जहाजाचं टर्मिनल ऐनवेळी बदलतं.

हे बंदर देशासाठी एवढं महत्त्वाचं का?

भारताचा परदेश व्यापार वजनाने सुमारे ९५ टक्के आणि किमतीने सुमारे ७० टक्के समुद्रातूनच होतो. २०२४-२५ मध्ये एकट्या न्हावा शेवाने सुमारे ७३ लाख टीईयू (वीस फुटी डब्यांच्या हिशोबात) हाताळले. देशातल्या सरकारी प्रमुख बंदरांवर येणाऱ्या कंटेनरांपैकी निम्मे इथलेच. गुजरातमधलं खासगी मुंद्रा आता आकड्यात पुढे गेलंय, ते आम्ही उरणकर जरा हळू आवाजात सांगतो.

या आकड्यांच्या खाली जमीन आहे, हेही सांगायला हवं. नवी मुंबईच्या भूसंपादनाविरुद्ध जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली इथे जे आंदोलन झालं, त्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क त्या लढ्यातून आला. बंदरासाठी उठवलेल्या शेवा कोळीवाड्याचं पुनर्वसन उरणच्या हनुमान कोळीवाड्यात झालं, आणि तिथल्या घरांना वाळवी लागली ती लागलीच. पुन्हा पुनर्वसन करा म्हणून ती माणसं वर्षानुवर्षं भांडत आली आहेत.

टीईयू म्हणजे काय? माझ्या मालाला वीस फुटी घेऊ की चाळीस?

वीस फुटी एक डबा म्हणजे एक टीईयू, चाळीस फुटी म्हणजे दोन. दोन्ही आठ फूट रुंद. साधा डबा साडेआठ फूट उंच, हाय क्यूब साडेनऊ. वीस फुटीत ३३ घनमीटरच्या आसपास जागा, चाळीस हाय क्यूबमध्ये ७६ च्या आसपास.

माल जड असेल, म्हणजे तांदूळ, साखर, फरशी किंवा बेदाणे, तर वीस फुटी घ्या. त्यात वजन आधी भरतं, जागा नंतर. कापड, फर्निचर, प्लॅस्टिकच्या वस्तू असा फुगीर माल चाळीसमध्ये. भाडं दुप्पट नसतं म्हणून जड मालाला चाळीस घेणारे लोक भेटतात. मग ट्रेलरच्या वजनाची मर्यादा आड येते आणि अर्ध्या रिकाम्या डब्याचं भाडं भरून मोकळे होतात.

डब्याच्या दारावर लिहिलेले आकडे वाचायचे कसे?

चार अक्षरं, सहा आकडे आणि चौकटीतला एक आकडा. पहिली तीन अक्षरं मालकाची, चौथं बहुधा 'यू', म्हणजे हा मालाचा कंटेनर. चौकटीतला आकडा पाठ करून ठेवण्यासारखा आहे. आधीच्या दहा अक्षर-आकड्यांना ठरावीक गुणक लावून बेरीज करायची, तिला अकराने भागायचं, उरेल तो हा आकडा. उदाहरणात नेहमी देतात तो नंबर बघा: सीएसक्यूयू ३०५४३८, चौकटीत ३. कुणी घाईत ३०५४८३ लिहिलं तर हिशोब जुळत नाही आणि संगणक नंबर नाकारतो. गंमत वाटेल, पण गेटवर अडकलेल्या किती गाड्या केवळ अशा उलटापालट झालेल्या दोन आकड्यांमुळे अडकलेल्या असतात! ड्रायव्हरला नंबर तोंडी सांगायला लावू नका, दाराचा फोटो मागवा. सीलचाही.

रिकामा डबा (आमच्याकडे 'एमटी') उचलतानाच आत शिरून दारं लावून घ्या. कुठूनही उजेड दिसला तर तिथून पाणी येणार. वास घ्या. आधी मिरची किंवा रसायन गेलेल्या डब्यात बेदाणे भरलेत तर गिऱ्हाईक पहिल्या पेटीलाच ओळखतं.

लाइन, फॉरवर्डर, सीएचए, सीएफएस... मी नक्की बोलू कुणाशी?

लाइन म्हणजे जहाज कंपनी, डबाही तिचाच. फॉरवर्डर तिच्याकडून जागा घेऊन तुम्हाला विकतो, छोट्या निर्यातदाराला दर त्याच्याकडेच बरा मिळतो. सीएचए, कायद्याच्या भाषेत कस्टम्स ब्रोकर, तुमच्या वतीने कस्टम्सपुढे कागद मांडतो. सीएफएस म्हणजे बंदराबाहेरचं कस्टम्सच्या देखरेखीखालचं गोदाम. फुटकळ माल तिथे एकत्र भरतात, आलेला माल तिथे खाली होतो. पहिल्यांदा पाठवत असाल तर एकच माणूस जबाबदार धरा आणि सगळे खर्च त्याच्याकडून लेखी घ्या. 'ओशन फ्रेट एवढं' म्हणून आकडा सांगतात, टीएचसी (टर्मिनलचा हाताळणी खर्च), डॉक्युमेंट चार्ज, सील चार्ज नंतर हळूहळू उगवतात.

तुमच्याकडे मात्र आयईसी (आयात-निर्यातीचा नोंदणी क्रमांक) हवा आणि बँकेचा एडी कोड (परकीय चलन व्यवहार करणाऱ्या तुमच्या बँक शाखेचा क्रमांक) बंदराला नोंदलेला हवा. हे दोन नसतील तर पुढचं काहीच नको.

कारखान्यातून किंवा पॅकहाऊसमधून जहाजापर्यंत माल जातो कसा?

द्राक्षाचं उदाहरण घेतो, कारण त्यात चुकायला सर्वांत कमी जागा आहे.

पिंपळगावच्या किंवा दिंडोरीच्या पॅकहाऊसमध्ये घड छाटून, वजन करून पनेटमध्ये, म्हणजे प्लॅस्टिकच्या छोट्या डब्यांत, भरतात. पेटीत गंधकाचा पॅड जातो, बुरशी येऊ नये म्हणून. मग प्रीकूलिंग. इथे नवीन माणूस घसरतो. रीफर कंटेनर म्हणजे फ्रीज नव्हे. तो थंड माल थंड ठेवतो, गरम माल थंड करण्याची त्याची ताकद नाही. बागेतून आलेला माल शून्याच्या आसपास प्रीकूलिंगमध्येच यायला हवा. घाई करून कोमट पेट्या भरल्या तर मधल्या थप्प्या युरोपपर्यंत कोमटच राहतात, आणि तिकडे दार उघडल्यावर देठ तपकिरी दिसतात.

भरताना पेट्या कंटेनरच्या आतल्या लाल रेषेच्या वर जाऊ द्यायच्या नाहीत. वर हवा फिरायला जागा लागते. टेम्परेचर लॉगर (तापमान नोंदवत राहणारं यंत्र) आत ठेवायचा, दार लावून ई-सील (इलेक्ट्रॉनिक सील) मारायचं. ट्रेलरला जेनसेट, म्हणजे डिझेल जनरेटर, लावलेला असतो, त्यावर रीफर कसारा घाट उतरून भिवंडीमार्गे बंदरापर्यंत चालू राहतो. जेनसेटमध्ये डिझेल किती आहे हे बघणं ड्रायव्हरचं काम आहे असं तुम्हाला वाटतं, ड्रायव्हरला वाटतं तुमचं. एका मार्चमध्ये आमच्या एका पार्टीचा डबा भिवंडीच्या कोंडीत अकरा तास उभा होता आणि जेनसेट सातव्या तासाला बंद पडला. लॉगरच्या आलेखावर ती चढण इतकी स्वच्छ दिसत होती की वाद घालायला जागाच नव्हती.

इकडे सीएचए आइसगेटवर (कस्टम्सच्या संकेतस्थळावर) शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा कस्टम्स अर्ज, भरतो. कारखान्यात सील झालेल्या डब्यांची गाडी आधी बंदराच्या पार्किंग प्लाझात लागते, कागद तपासून एलईओ, म्हणजे निर्यातीची परवानगी, मिळते आणि मग टर्मिनलच्या गेटातून आत. द्राक्षाला वनस्पती स्वास्थ्य प्रमाणपत्र लागतं, आणि त्याआधी नोंदणी केलेल्या बागेच्या नमुन्याची औषध अवशेष तपासणी. २०१० साली लिहोसीन या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अवशेषांवरून आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले ते ज्यांनी भोगलं, ते आजही तपासणीचा अहवाल हातात आल्याशिवाय एमटी मागवत नाहीत.

कट-ऑफ, म्हणजे जहाजासाठी डबा आणि कागद देण्याची शेवटची वेळ, चुकला तर?

डबा मागे राहतो, पुढच्या जहाजाला जातो. आमच्या भाषेत 'शट आउट' झाला. तोवरचं भाडं, रीफर असेल तर विजेचं बिल, सगळं तुमचं. गेटचा कट-ऑफ वेगळा आणि कागदांचा वेगळा, दोन्ही लिहून घ्या. उलट कधी लाइनच जास्त बुकिंग घेते आणि तुमचा डबा वेळेत पोचूनही 'रोल ओव्हर' करते. त्यावर भांडता येतं, पण जिंकलेले फार कमी पाहिलेत.

व्हीजीएम कशासाठी? वजन तर इनव्हॉइसवर असतंच.

इनव्हॉइसवरचं वजन मालाचं असतं. व्हीजीएम म्हणजे माल, पॅकिंग, लाकूड आणि डबा धरून प्रत्यक्ष मोजलेलं एकूण वजन. १ जुलै २०१६ पासून जगभर सक्तीचं आहे. जानेवारी २००७ मध्ये एमएससी नेपोली नावाचं जहाज इंग्लिश खाडीत वादळात मोडलं. डेकवरच्या कोरड्या राहिलेल्या सुमारे ६६० डब्यांचं नंतर वजन केलं, तर १३७ डबे सांगितलेल्यापेक्षा तीन टनांहून अधिक फरकाचे निघाले. शंभर किलो लपवणाऱ्याला वाटतं एवढ्याने काय होतं. पाचवा डबा खोटा असेल तर काय होतं, ते तिथे दिसलं.

लाकडी पॅलेटवर शिक्का लागतोच का?

लागतो. गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह, देशाचा कोड आणि 'एचटी', म्हणजे लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलं आहे. शिक्का नसेल तर तिकडचं बंदर माल परतही पाठवू शकतं. मालात खोट नसते, लाकडात असते, तरी माल परत.

आयात केली आहे. डिमरेज आणि डिटेन्शन यात फरक काय?

डबा बंदरात किंवा सीएफएसमध्ये मुदतीपेक्षा जास्त पडून राहिला की जागेचं भाडं लागतं, ते डिमरेज किंवा ग्राउंड रेंट. डबा लाइनच्या मुदतीपेक्षा जास्त दिवस तुमच्याकडे राहिला की डब्याचं भाडं लागतं, ते डिटेन्शन. दोन्ही घड्याळं एकाच वेळी चालू असू शकतात, आणि हीच गोष्ट नव्याला कळत नाही. दर टप्प्याटप्प्याने चढतात, पहिला आठवडा सोसवतो, तिसरा नाही. मालाच्या किमतीपेक्षा भाडं जास्त झालं म्हणून माल सोडून दिलेले आयातदार मी पाहिलेत.

उपाय दोन. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टम्स अर्ज, जहाज येण्याआधी भरा. आणि पात्र असाल तर डीपीडी घ्या, म्हणजे डबा सीएफएसला न जाता बंदरातून थेट तुमच्या गोदामात. डीपीडी घेऊन गाडीच तयार ठेवली नाही तर मात्र उपयोग शून्य. रिकामा डबा परत कुठल्या यार्डात द्यायचा तेही आधी विचारा. तळोज्याचं यार्ड भरलं म्हणून गाडी परत फिरवली, तरी लाइनचं घड्याळ थांबत नाही.

बीएल म्हणजे फक्त पावती ना?

अजिबात नाही. बिल ऑफ लेडिंग मालाची पावती आहे, वाहतुकीच्या कराराचा पुरावा आहे आणि मालाच्या हक्काचा कागदही आहे. सातबारा हा मालकीचा पुरावा नाही असं वकील सांगतात. बीएलचं तसं नाही, मूळ प्रत ज्याच्या हाती, माल त्याचा. साधारण तीन मूळ प्रती निघतात, एकीवर माल सुटला की उरलेल्या दोन रद्द. म्हणून पैसे येईपर्यंत तिन्ही आपल्या किंवा बँकेच्या हातात ठेवा. 'टेलेक्स रिलीज द्या, पैसे उद्या टाकतो' असा फोन शुक्रवारी संध्याकाळी हमखास येतो. टेलेक्स रिलीज म्हणजे मूळ प्रती इथेच लाइनला परत देऊन तिकडे माल सोडायला सांगणं. त्यानंतर तुमच्या हातात फक्त त्या माणसाचा फोन नंबर उरतो.

माझा डबा युरोपला जायचा होता, ट्रॅकिंगवर कोलंबो दिसतंय. चुकीच्या जहाजावर चढला का?

नाही. ट्रान्सशिपमेंट. छोटं जहाज डबा मोठ्या बंदराला नेतं, तिथून मोठ्या जहाजावर चढवतात. फार मोठ्या जहाजाला खोल पाणी लागतं आणि आपल्या बऱ्याच बंदरांत ते नाही, म्हणून भारताचा पुष्कळ माल वर्षानुवर्षं कोलंबो, सिंगापूर, जेबेल अलीमार्गे जातो. २ मे २०२५ ला केरळच्या विळिंजम बंदराचं लोकार्पण झालं ते याच कामासाठी. तुमच्यापुरतं सांगायचं तर थेट जहाजाला भाडं जास्त पण दिवस कमी, नाशवंत मालाला तेच स्वस्त पडतं.

भाडं एका महिन्यात दुप्पट कसं होतं? लाइनवाले लुटतात का?

थोडं लुटतातही. पण कारणंही असतात. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात येमेनच्या हुती बंडखोरांनी जहाजांवर हल्ले सुरू केले आणि लाइन्सनी जहाजं सुएझऐवजी आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून न्यायला सुरुवात केली. मुंबईहून रॉटरडॅम सुएझमार्गे सुमारे ६,३०० सागरी मैल, केपमार्गे १०,७०० च्या आसपास. दहा ते चौदा दिवस जास्त. जहाज जास्त दिवस अडकलं की फेऱ्या घटतात, रिकामे डबे वेळेत परतत नाहीत, आणि नाशिकच्या शेतकऱ्याला ऐन हंगामात रीफरच मिळत नाही. बुकिंग करताना 'सुएझ की केप?' हा प्रश्न विचाराच. बारा दिवसांचा फरक द्राक्षाच्या देठाला लगेच कळतो.

विमा घ्यायलाच हवा का? लाइन नुकसानभरपाई देत नाही?

देते, पण तिची जबाबदारी कायद्याने मर्यादित असते. आणि 'जनरल अॅव्हरेज' हा प्रकार ऐकला नसेल तर ऐका. जहाज वाचवण्यासाठी जाणूनबुजून केलेला खर्च किंवा नुकसान जहाजमालक आणि सगळे मालधनी आपापल्या किमतीच्या प्रमाणात वाटून घेतात. तुमच्या डब्याला धगही लागली नसली तरी तुमच्या वाट्याची हमी भरल्याशिवाय माल सुटत नाही. विमा असेल तर ती हमी विमा कंपनी देते.

हे दूरचं वाटत असेल तर २०२५ आठवा. २५ मे ला एमएससी एल्सा ३ हे जहाज केरळच्या किनाऱ्याजवळ ६४० डब्यांसह बुडालं. त्यानंतर पंधरा दिवसांनी, ९ जूनला, कोलंबोहून न्हावा शेवालाच निघालेल्या वान हाय ५०३ ला समुद्रात आग लागली. आमच्या ऑफिसात त्या आठवड्यात फोन खाली ठेवायला फुरसत नव्हती, आणि विचारणाऱ्यांत निम्म्यांनी विमा काढलेला नव्हता.

डबा गेटवर असताना सरकारने निर्यातबंदी केली तर?

कांदेवाल्यांचा प्रश्न. ७ डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेने कांद्याची निर्यात बंद झाली. पण सवलतही होती. ज्या मालाचं जहाजावर लोडिंग सुरू झालं होतं, ज्याचं शिपिंग बिल भरून जहाज बंदरात आलं होतं किंवा जो माल कस्टम्सकडे सोपवला गेला होता, तो जाऊ शकत होता. म्हणजे निकाल तारखेवर आणि वेळेवर लागतो. बंदी ४ मे २०२४ ला उठली, पण ४० टक्के शुल्क आणि किमान निर्यात मूल्याची अट ठेवून. शुल्क पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला. कांद्यात असाल तर शिपिंग बिल वेळेत भरा, पोच जपून ठेवा. गिऱ्हाइकाशी करार करताना बंदी आली तर काय, ही ओळही टाका.

संगणक बंद पडला तर बंदर चालतं का?

जवळजवळ नाही. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या सायबर हल्ल्याने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा जगभर कोलमडली आणि तिच्याच समूहाचं इथलं जीटीआय टर्मिनलही ठप्प झालं. रस्त्यावर ट्रेलरच्या रांगा लागल्या. यार्डात हजारो एकसारखे डबे रचलेले असतात, तुमचा कुठे आहे हे माणसाला माहीत नसतं, संगणकालाच माहीत असतं.

वाढवण बंदर झालं की न्हावा शेवा मागे पडेल का?

लगेच नाही. पालघर जिल्ह्यातल्या वाढवणचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ ला झालं. ७६,२२० कोटींचा प्रकल्प, त्यात ७४ टक्के वाटा जेएनपीएचाच आणि २६ टक्के महाराष्ट्र सागरी मंडळाचा. तिथे सुमारे वीस मीटर नैसर्गिक खोली आहे, सर्वांत मोठी जहाजं थेट येऊ शकतील. पण डहाणूच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार आणि गावकरी १९९० च्या दशकापासून विरोध करत आलेत, आणि १९९८ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने तिथलं बंदर अडवलंही होतं. हनुमान कोळीवाड्याकडे बघितलं की त्यांची शंका मला तरी अनाठायी वाटत नाही.

रविवारी, सणाला बंदर बंद असतं का?

नाही, टर्मिनल चोवीस तास, बारा महिने चालतं. बंद असते तुमची बँक. आणि होळीला ट्रेलर मिळत नाही, कारण बरेच ड्रायव्हर उत्तर प्रदेश-बिहारचे, ते गावी जातात. होळी द्राक्षाच्या ऐन हंगामात येते. गाडी आठवडाभर आधी सांगून ठेवा.